अर्धी वाटी पाणी

गार्डन रीच, कलकत्ता
१४ ऑगस्ट १९७४

ती. आईस नमस्कार,

तुझं पत्र मिळालं. शेजारची चिमुरडी मिठू बरी झाली का, असं तू पुन्हा विचारलं आहेस. मागच्या पत्रात मी आमच्या लीनाच्या शाळेचं लिहून वेळ मारून नेली. हे पत्र मात्र मी पेटीत टाकणार नाही, ठाऊक आहे मला.

तुझी गाडी हावड्याहून सुटली, त्याच संध्याकाळी मिठू गेली. जुलाबांनी अंगातलं पाणी संपलं, असं इस्पितळातले डॉक्टर म्हणाले. मीठ-साखर घातलेलं पाणी तिला सारखं पाजत राहायला हवं होतं.

आणि तू म्हणाली होतीस, "पाणी बंद ठेवा, पाण्यानं जुलाब वाढतात." आपल्या घरात हे आजीपासून चालत आलेलं. बाबा जन्मभर दवाखान्यात बसले, पण त्यांना आपण कधी विचारलंच नाही. इथे मात्र मी कॉलनीभर मिरवलं, "आमची आई डॉक्टरांच्या घरची!" मग मिठूच्या आईनं तुझा शब्द कसा मोडावा?

काल ती जिन्यात भेटली. माझा हात धरून हळूच म्हणाली, "दीदी, मिठू पाण्यासाठी फार रडत होती. मला राहवलं नाही, एकदा अर्धी वाटी दिली. तुमच्या आईंना लिहून विचारा ना, तेवढ्यानंच गेली का?"

'नाही' एवढंच म्हणायचं होतं गं. पण मग पुढचंही सांगावं लागलं असतं.

मी म्हणाले, "विचारते."

तुझी
शकुन