कीपरसमोर घेतलेलं नाव

तीर्थरूप मोहनमामांस, लंडनच्या हॅरोहून भाचा परीक्षितचा वाकून (कंबर परवानगी देते तेवढं वाकून) नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामी तुम्हाला जिना चढू देत नाहीत असं कळलं, योग्यच करतात. इकडे आम्ही सगळे मजेत, आणि माझी शिकार जोरात. तुम्ही वनखात्यात रेंजर म्हणून जन्मभर शिकारी पकडलेत आणि सख्खा भाचाच शिकारी निघाला, हे तुम्हाला डाचतं, ठाऊक आहे मला. (पण नाव तुम्हीच सुचवलंत. पुराणातला परीक्षित राजाही शिकारीला जायचा. त्याचं पुढे काय झालं ते सोडा.) इथे भेकरं, म्हणजे आपल्या भेकराचे चिनी चुलतभाऊ, इतकी माजलीत की ती कमी करणाऱ्याचे लोक आभार मानतात. माझ्याकडे पोलिसांनी दिलेला रायफलचा रीतसर परवाना आहे, आणि आमच्या अख्ख्या मराठी मंडळात तो दुसऱ्या कोणाकडे नाही!

पण परवान्याच्या जोडीला लागते रानात शिरायची परवानगी, आणि ती असते गेमकीपरच्या, म्हणजे खाजगी रानावरच्या तुमच्यासारख्याच माणसाच्या, हातात. पहिला कीपर भेटला तो वाईट. खांद्यावर रायफल असूनही त्याने मला ब्रॉडबँडवाला समजून थेट राउटरपाशी नेऊन उभं केलं. (मी तो दुरुस्त केला, ही गोष्ट वेगळी.) दुसरे केंब्रिजजवळचे मिस्टर थर्लो. माणूस सोन्यासारखा, पण नियमाला पक्का. त्यांना पाहिलं की तुमची आठवण येते.

गेल्या शनिवारी सकाळी मी त्यांच्या रानात मचाणावर बसलो होतो. नीना आणि आमचा कुत्रा खंडू खाली गाडीत. भेकर दिसलं, मी नेम धरला, तोच खंडूने खिडकीतून उडी घेतली. पुढे भेकर, मागे खंडू, त्याच्यामागे नीना, आणि ती जिवाच्या आकांताने ओरडतेय, "अहो! अहो!" आता मामा, या देशात कुत्रा मागे लावून शिकार करणं गुन्हा आहे, आणि कुत्र्यांना चेव आणायला जुने इंग्रज अशाच काहीतरी 'हो, हो'च्या आरोळ्या ठोकत. थर्लोसाहेब झाडीतून वही घेऊनच बाहेर आले. त्यांनी पोलिसांना नुसतं कळवलं असतं, तरी परवाना गेला असता, रायफल गेली असती आणि मंडळात तोंड दाखवायची सोय उरली नसती.

मी शिडी उतरून पोचलो तेव्हा नीना सांगत होती, "नो, नो, आय वॉज ओन्ली कॉलिंग माय हजबंड!" साहेबांनी विचारलं, नाव काय त्यांचं? नीना माझ्याकडे बघून गप्प. स्वतःच्या नवऱ्याचं नाव न सांगणारी बायको म्हटल्यावर साहेबांनी वहीचं नवं पान उलटलं. मी तोंड उघडलं तर मला हातानेच थांबवलं. उत्तर बाईंनीच द्यायचं. शेवटी पदर नव्हता म्हणून नीनाने जॅकेटची कॉलर सावरली आणि म्हणाली,

"केंब्रिजच्या रानात भेकर पळालं झरझर,
परीक्षितरावांचं नाव घेते, कीपरदादा, वही बंद कर."

माझा ऊर भरून आला, मामा. साहेबांना वाटलं बाई शपथ घेतायत, त्यांनी टोपी काढली! मग मी उखाणा म्हणजे काय ते समजावलं, तसे ते खो खो हसले आणि वही खरोखरच बंद केली. तेवढ्यात खंडूही जीभ काढून परत आला. भेकर सुखरूप, परवाना शाबूत, आणि माझी मान ताठ. मामींना नमस्कार सांगा.

तुमचा,
परीक्षित

ता. क. साहेबांची एकच अट आहे. त्यांच्या रानात पुन्हा 'अहो' ऐकू आलं तर माझी परवानगी बंद. हाक मारायची ती नावानेच. नीना तयार होईलसं वाटत नाही, तिच्यावर संस्कार फार. तुमचा शब्द ती मोडणार नाही. तेवढा फोन करून तिला आज्ञा करा, पत्र मिळाल्या मिळाल्या.

ता. क. दुसरा, नीनाकडून. मामा, नमस्कार. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडेच दिलंय, म्हणून लिहिते. मला नाव घ्यायला काही वाटत नाही. माझ्या ऑफिसात यांच्याबद्दल बोलताना मी परीक्षितच म्हणते. त्या दिवशी गप्प बसले, कारण हे समोर उभे होते. काल सराव म्हणून स्वयंपाकघरातून 'परीक्षित' अशी चारदा हाक मारली. ओ दिली नाही. पोळ्या गार झाल्या. मग 'अहो' म्हटलं, तर लगेच आले, आणि वर मलाच विचारतात, इतका वेळ कोणाला हाका मारत होतीस? तेव्हा आज्ञा करायचीच असेल तर त्यांना करा.