चार कॅमेरे आणि एक तारीख

३ जून, मंगळवार

गेली नोंद! बाळाचं वजन, दंडाचं माप, लसी — सगळं भरलं, शेवटचं बटण दाबणार तोच पडदाभर सट्ट्याची जाहिरात. ती घालवली तर कर्जाची आली. ती घालवली तर ॲपच बंद. बाळाच्या आईने विचारलं, लिहिलंस ना ताई? मी हो म्हटलं. घरी येऊन वहीत उतरवलं तेव्हा कुठे बरं वाटलं.

संध्याकाळी दवाखान्यातल्या कोन्सोलाटा मॅडमचा निरोप. एक जुलैपासून आरोग्याचं ॲप जुन्या सॉफ्टवेअरवर उघडणार नाही. ज्या बाईचा फोन चालणार नाही तिने तीस तारखेला कामाची पिशवी जमा करावी. आरोग्यसेविका म्हणून नऊ वर्षं मी शंभर घरं सांभाळते आहे. पोरं जन्मली, चालायला लागली, शाळेत गेली. आणि आता पिशवी जमा करा!

कुणाजवळ बोलता येत नाही म्हणून इथे लिहिते. हे काम गेलं तर मी मोडून पडेन.

५ जून, गुरुवार

होमा बे शहरात गेले, ओकुमूच्या दुकानात. फोन दुरुस्त करतो, तोंडाने फटकळ. त्याने स्क्रूला हातसुद्धा लावला नाही. सेटिंगमध्ये जाऊन एक तारीख दाखवली. कंपनीने शेवटचं अपडेट पाठवलं ती तारीख. माझी अडीच वर्षांपूर्वीची!

म्हणाला, "दुधाच्या पाकिटावर तारीख बघून घेता ना बाई? मग फोनवर बघायला काय होतं?"

कॅमेरे मोजू नका म्हणाला. कंपनी अजून किती वर्षं अपडेट देणार ते विचारा, आणि आत नको ती ॲपं किती कोंबली आहेत ते बघा. मग एक साधा काळा फोन काढला. तारीख गेल्याच महिन्याची. आत लागतील तेवढीच ॲपं, नुकत्याच झाडलेल्या अंगणासारखं. बघूनच डोकं शांत झालं.

येताना भाड्याच्या मटाटू गाडीत शेजारच्या बाईच्या फोनची तारीख बघितली. गावात पाद्रीबाबांच्या फोनची. चार वर्षं जुनी! त्यांना सांगितलं तर म्हणाले, देव बघून घेईल.

८ जून, रविवार

दर महिन्याला पैसे जमवणाऱ्या आमच्या दहा जणींच्या गटात या महिन्याची भेट मिळायची पाळी माझी. मला फोन हवा हे सगळ्यांना ठाऊक. पण आमच्यात हातात पैसे देत नाहीत, वस्तूच देतात. आणि जिची पाळी तिला विचारायचं नाही. मागून मिळाली तर भेट कसली?

खरेदी थोरल्या जाऊबाईंची, नेरेआंची. तेरा वर्षं त्याच करतात. चर्चच्या समोर सगळ्यांनी वळून बघावं अशीच वस्तू आणतात. त्याचीच भीती वाटते आहे.

१० जून, मंगळवार

राहवलं नाही. रीत मोडली.

काळ्या फोनचं नाव कागदावर लिहून जाऊबाईंकडे गेले. ओमेना मासे वाळत घातले होते आणि त्या सावलीत बसून कमरेला गुंडाळायची फाटकी लेसो शिवत होत्या. थोरल्या नातीकडून सुई ओवून घेतली, मग कागद हातभर लांब धरून बघितला आणि घडी करून कमरेला खोचला.

"न्यार आलेगो, तुझ्या माहेरी भेटीची यादी देतात का गं?"

माझं माहेर आलेगोचं, म्हणून इथे मला सगळे 'आलेगोची लेक' याच नावाने हाक मारतात. पण जाऊबाई म्हणतात तेव्हा ते टोचतं. मी म्हटलं, साधाच फोन आहे, काळा, पण त्याची अपडेटची तारीख ताजी आहे. तर म्हणाल्या, साधा? लोक म्हणतील गटाने हिला जीव लावला नाही.

१५ जून, रविवार

सोनेरी! चार कॅमेरे! आवाज असा की तळ्याकाठचे बगळे उडाले!

नऊ जणी नाचत, गात, फोन सुपात ठेवून अख्ख्या किनाऱ्यावरून घेऊन आल्या. सगळ्यांत पुढे जाऊबाई. मीही नाचले. सगळ्यांच्या गळ्यात पडले. खोटं नव्हतं ते. इतका जीव लावणाऱ्या बायका कुणाला मिळतात?

मग आत जाऊन तारीख बघितली. गेल्या वर्षीच्या आधीच्या वर्षीची. अपडेट शोध म्हटलं तर फोन म्हणतो, सगळं ठीक आहे. लबाड! आरोग्याचं ॲप उघडलं, त्यावर लाल पट्टी — एक जुलैपासून चालणार नाही. आत खेळ किती आहेत ते मोजायचंही सोडून दिलं. काढून टाकावे तर निघत नाहीत.

संडासात जाऊन रडले.

१७ जून, मंगळवार

नवरा म्हणतो, गुपचूप बदलून आण. म्हणे गुपचूप! इथे कुणाच्या घरी मासा जळला तरी जाऊबाईंना आधी कळतं. त्याच्याशी बोलले नाही. मक्याच्या पिठाची उगालीही जरा कच्चीच वाढली.

२० जून, शुक्रवार

आज तपासणीला जाऊबाईंच्या घरची पाळी होती. धाकटी नात अडोयो, आठ महिन्यांची. पोरीचा दंड काडीसारखा. दंड मोजायची रंगीत पट्टी लावली. पिवळ्याच्याही खाली, लालच्या काठावर. सून घाबरली. मी सोनेरी फोनवर भराभर सगळं भरलं, दवाखान्याला कळवायचं बटण दाबणार — आणि आली जाहिरात! धावता घोडा, नाणी, ढोल. पोरगी दचकून रडायला लागली.

जाऊबाई माझ्या खांद्यावरून बघत होत्या. मी तीनदा भरलं. तीनदा घोडा आला.

शेवटी फोन पिशवीत टाकला, चिठ्ठी लिहिली आणि पोरीला पाठीशी बांधून सुनेला घेऊन दवाखाना गाठला. पूरक आहाराची पाकिटं मिळाली. दर आठवड्याला बोलावलं आहे. वेळेवर आणलं म्हणाले.

परत आले तर जाऊबाई अंगणातच उभ्या. नातीबद्दल सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तू ती तारीख म्हणत होतीस, ती कुठे असते?" मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी लगेच परत केला. "तूच वाच."

वाचली. मग सगळंच सांगून टाकलं — तीस तारीख, पिशवी, सगळं. त्यांनी फोन मागून घेतला आणि आत निघून गेल्या.

२४ जून, मंगळवार

फोन परत नाही. निरोप नाही. दुखावल्या असतील. सहा दिवस राहिले. पिशवी धुऊन वाळत घातली, द्यायचीच असेल तर स्वच्छ द्यावी.

२७ जून, शुक्रवार

आधी हे लिहून ठेवते.

दुपारी पुन्हा गाणं ऐकू आलं. बाहेर येऊन बघते तर नऊ जणी, तेच सूप, पुढे जाऊबाई! सुपात काळा फोन. साधा. ओकुमूने दाखवला होता तसाच.

नंतर कळलं. जिथून सोनेरी घेतला होता त्या दुकानाच्या पायऱ्यांवर सगळ्या जणी सकाळपासून बसल्या. दुकानदार बदलून देईना. जाऊबाई म्हणाल्या, ठीक आहे, आम्हाला घाई नाही, चर्चची सगळी गाणी पाठ आहेत. तिसऱ्या गाण्याला त्याने सोनेरीच्या बदल्यात काळा दिला. माझा तो कागद जाऊबाईंनी जपून ठेवला होता. मग ओकुमूकडे जाऊन तो कागद आणि नवा फोन त्याच्या पुढ्यात ठेवून म्हणाल्या, हाच आहे का ते बघ, आणि तारीख मोठ्याने वाच.

तारीख याच महिन्याची. आरोग्याचं ॲप उघडलं, लाल पट्टी नाही. पहिली नोंद अडोयोची. एका दमात गेली.

२९ जून, रविवार

अडोयोचं वजन वाढलं! थोडंसंच, पण वाढलं.

गटात जाऊबाईंनी स्वतःच सांगितलं — यापुढे जिची पाळी तिला आधी विचारायचं. दोघी-तिघींनी नाक मुरडलं. जाऊबाईंपुढे कोण बोलणार! पुढची पाळी त्यांचीच आहे. विचारायचं काम माझ्यावर आलं.

३० जून, सोमवार

पिशवी खांद्यावरच राहिली. मॅडमनी फोन बघून नुसती मान डोलावली.

येताना जाऊबाईंना विचारलं, काय आणू तुमच्यासाठी? सोफा? पाण्याची टाकी? त्या ओमेना चाळत होत्या. खाली मान घालूनच म्हणाल्या, "चष्मा. किती वर्षं झाली, मी खोक्याचा रंग बघून वस्तू आणते."