गल्लीतला ऑक्सिजन

मंगळवार, ३ ऑगस्ट २०२१

मी अंथरुणाला खिळलो आहे. या वृत्ताला माझा जावई देइविस याने दुजोरा दिला — भर गल्लीत, सात-आठ माणसांसमोर. मला ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून कळलं. तव्यावरची अरेपा, मक्याची जाड भाकरी, उलटत होतो तेव्हा!

जन्मभर वर्तमानपत्रात लोकांच्या बातम्या तपासल्या. माझ्याबद्दलची ही पहिलीच, आणि तीही खोटी.

मूळ मागच्या खोलीत आहे. तिथे देइविसने ग्राफिक्स कार्डं मांडली आहेत — पोरं कॉम्प्युटरवर खेळ खेळतात त्यातली. ती रात्रंदिवस गणितं सोडवत बसतात, बदल्यात आभासी चलनाचे तुकडे मिळतात. घर त्यावर चालतं. माझ्या पेन्शनचे बोलिव्हार हातात येईपर्यंत वितळलेले असतात. परवाना मात्र नाही, आणि पंख्यांची घरघर पार रस्त्यापर्यंत जाते. आज कुणीतरी विचारलंच, हे काय वाजतं हो तुमच्याकडे? देइविसने क्षणभरही विचार केला नाही. "सासऱ्यांची फुप्फुसं गेली कोविडात. ऑक्सिजनची मशीन आहे."

मुलगी नोहेलिया म्हणाली, "थोडे दिवस, बाबा. फक्त बाहेर पडू नका."

बुधवार, ४ ऑगस्ट

पडलो नाही.

रविवार, ८ ऑगस्ट

आंब्याखाली डॉमिनो रंगलाय. सोंगट्या आपटल्याचे आवाज येतात. माझ्या जागी कोण बसलंय ते दिसत नाही — आवाज अडावा म्हणून देइविसने खिडक्यांना फळ्या ठोकल्यात. एलेआसारचा गळा तेवढा ओळखू येतो. खोटं खेळून वर ओरडायचं, ही त्याची जुनी रीत. नोहेलियाच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून त्याने तिला हातात धरलं, तेव्हापासून आम्ही एकमेकांचे कोंपाद्रे.

दुपारी तो आलाच. सापोआरा माशाचं सूप घेऊन. मी उशीवर, डोळे अर्धे मिटलेले. नाकाला मासे पाळायच्या टाकीची नळी! नोहेलियाची कल्पना.

"कोंपाद्रे, डोकं तुझ्यासाठी ठेवलंय," तो म्हणाला. "सापोआराचं डोकं खाणारा आपला ग्वायाना प्रांत सोडून जात नाही. बघू, वरच्यालाही हा नियम माहीत आहे का." विनोद करून झाला आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

मी खोकलो. दुसरं काय करणार!

सूप फर्मास होतं. आजाऱ्याला शोभेल इतकंच प्यायलो, उरलेलं देइविसने संपवलं.

शुक्रवार, १३ ऑगस्ट

उकाडा. मागच्या खोलीची सगळी वाफ बोळातून माझ्या खोलीत येते. दाढी करायची नाही — मुलीचा हुकूम. "आणि सासरेबुवा, जेवण थोडं आवरा," जावई म्हणाला. "मरणाऱ्या माणसाला हे पोट शोभत नाही."

"मग तू झोप इथे. तुला शोभेल."

हसला. चांगला पोरगा आहे. हीच तर अडचण आहे.

मंगळवार, १७ ऑगस्ट

आज नोहेलियाला स्पष्ट म्हणालो, मला बाहेर जायचंय. कोपऱ्यापर्यंत. नुसतं कोपऱ्यापर्यंत!

भांडी घासता घासता तिने वळूनही पाहिलं नाही. "जा ना. खुशाल जा. संध्याकाळपर्यंत शिपाई येतील. कार्डं नेतील, देइविसलाही नेतील. मग तुम्ही आणि मी आंब्याची पानं उकडून खाऊ."

परत येऊन पडलो. आता पडल्यावर खरंच धाप लागते, असं वाटतं. कुणाला सांगू?

गुरुवार, १९ ऑगस्ट

एलेआसारची बायको दोमितिला हिला श्वास घेता येत नाही. दवाखान्याने घरी पाठवली. खाट नाही, सिलिंडर नाही.

तो दारात उभा होता. पंख्यांच्या आवाजात ऐकू जावं म्हणून मोठ्याने बोलत होता, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकला. "एक रात्र द्या मशीन. किंवा तिला इथे आणतो, दोघं आळीपाळीने वापरतील. कोंपाद्रे नाही म्हणणार नाही."

देइविस म्हणाला, "डॉक्टरांना विचारतो. उद्या सांगतो."

उद्या! म्हणजे उद्यापर्यंत ते दुसरीकडे शोधणार नाहीत. आमच्या दाराकडे बघत बसतील. नकार दिला असता तरी बरं होतं.

नळी नाकात घालून हे सगळं ऐकलं. उठलो नाही.

शुक्रवार, २० ऑगस्ट, सकाळी

उठलो. दाढी केली. बूट घातले. नोहेलिया दाराला पाठ लावून उभी राहिली — "बाबा, पाया पडते." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला बाजूला केलं. रस्ता ओलांडला. ऊन डोळ्यांत घुसलं.

एलेआसारने दार उघडलं. बघतच राहिला. "तू... चालतोस?"

"चालतो. मशीन नाही. कधीच नव्हती. ते कॉम्प्युटर आहेत. आमची वाट बघू नकोस, आत्ता दुसरीकडे शोध."

त्याने माझी कॉलर धरली. "मेणबत्त्या लावल्या रे तुझ्यासाठी, हरामखोरा! गुडघे टेकून बसलो देवासमोर!"

आतून दोमितिलाचा आवाज, एकेक शब्द ओढून आणल्यासारखा. "मारामारी... नंतर करा. आधी... रोंदोनांकडे जा. त्यांच्या म्हातारीला... मशीन आहे."

खरंच की. रोंदोनांची म्हातारी. शिवाय कोपऱ्यावरच्या शिंप्याचा भाऊ, त्यालाही मशीन लावलेली म्हणे. आणि हिरव्या फाटकातली शिक्षिकेची आई. आम्ही दोघं निघालो.

रोंदोनांकडे दार म्हातारीनेच उघडलं. हातात झाडू. आमच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे, आणि हळूच पलंगाकडे चालायला लागली.

शुक्रवार, दुपारी

आमच्या गल्लीत ऑक्सिजनच्या मशिनी चार. खरी एकही नाही. तिन्ही घरांनी अर्धवट उघड्या दारातून कबूल केलं, त्यांच्याकडेही कार्डंच आहेत.

सान फेलिक्सच्या चर्चची खरी मशीन चार वाजता येणार आहे. तिथल्या नर्सने फोनवर विचारलं, "घरातला पंखा कसा फिरतो?" एलेआसार म्हणाला, "रडत." ती म्हणाली, विजेचा दाब वाढला नाही तर मशीन चालायचीच नाही. एवढी वीज खातंय कोण तुमच्याकडे?

आमच्या मागच्या खोलीचा मुख्य खटका मी पाडला. देइविस भिंतीला टेकून बसलाय. घर इतकं शांत कधी ऐकलं नव्हतं.

त्या शांततेत बाकीच्या तीन घरांची घरघर स्पष्ट येते आहे.