पोफळीवरची खुर्ची

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

सासरेबुवा पुन्हा चढले! सत्तरी ओलांडलेला माणूस. गणपतीत चक्कर येऊन अंगणात कोसळला होता. पालघरच्या डॉक्टरांनी बजावलंय — झाड सोडाच, स्टुलावरही चढायचं नाही. आणि मी केळव्याला वाडीच्या फाटकातून आत शिरतो तर हे पोफळीच्या शेंड्याला! पायात दोरीचा फास, कमरेला कोयता, आणि वरून मलाच हाक — "या जावईबापू, चहा घ्या!"

खाली सासूबाई, मंदाआई, उभ्या. मान वर. मी नमस्कार केला तरी नजर झाडावरून हलली नाही. "तुमी बसा ओटीवर, सुजितराव. मला आता बसता नाय येत."

संध्याकाळी घरी येऊन जागृतीला सांगावंच लागलं. माझ्या कंपनीची सुट्टी शुक्रवारी आणि तिच्या कोळगावच्या ऑफिसची शनिवार-रविवारी, त्यामुळे तिच्या माहेरची बातमी तिला माझ्याकडून कळते. तिनं भांडी आपटून लावली. मग म्हणाली, "बाबा पडतील एक दिवस. आणि त्याआधी आई पडेल, उभी राहून राहून. तिचे गुडघे बघितलेस?"

बघितले. वाईट वाटलं. आणि — हे फक्त इथंच लिहितो — डोक्यात लगेच दुसरं चक्रही सुरू झालं. त्या खाली बसत का नाहीत?

शनिवार, ८ नोव्हेंबर

फोन करून मंदाआईंनाच विचारलं. त्यांच्या सासूबाईंनी घालून दिलेली रीत! घरचा माणूस झाडावर असेतोवर खालच्या माणसानं बसायचं नाही, आत जायचं नाही, दुसऱ्या कामाला हात लावायचा नाही. उभं राहायचं आणि वर बघायचं. बाबाही इतके पक्के, की खाली कुणी उभं असल्याशिवाय पहिला पाय उचलत नाहीत.

अरे, पण हे तर आमच्या प्लांटमध्ये आहे! टाकीत साफसफाईला माणूस उतरला की तोंडाशी एक माणूस उभा करतात. त्यानं हलायचं नाही, फोन बघायचा नाही. त्यासाठी आमच्याकडे ट्रेनिंग, परवाना, सही, शिक्का. केळव्यात एका सासूनं सुनेला एका वाक्यात सांगून टाकलं!

दिवसभर खूश होतो. जागृती म्हणाली, "आईचे गुडघे दुखतायत आणि तुला डिझाईन आवडलंय." बरोबर आहे तिचं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

जेवणाच्या सुट्टीत फोनवर काय काय बघितलं: पेनाच्या टोपणाला भोक का असतं (मुलानं गिळलं तर श्वास चालू राहावा म्हणून!). जपानमध्ये खिळा न मारता लाकडं जोडतात ते. एक बाई कागदाच्या घडीतून पूल बनवते ते. आणि मग, कसं कोण जाणे, सुपारी काढायची लांब काठी! टोकाला वाकडं पातं, खाली झोळी. माणूस जमिनीवर, घोस झोळीत. मिळाला उपाय! मॅनेजर बाजूला येऊन उभा होता. त्याला वाटलं मी पंपाचं ड्रॉइंग बघतोय.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

काठी दिली. हलक्या नळ्या, एकात एक सरकणाऱ्या, छत्रीच्या दांड्यासारख्या. पातं मी स्वतः घासून आणलं. बाबांनी उलटीसुलटी करून बघितली, पहिला घोस अलगद झोळीत उतरवला आणि म्हणाले, "झ्याक हाय!" दुपारपर्यंत एक अख्खी रांग संपवली. जमिनीवरून! मंदाआई ओटीवर बसून सुपाऱ्या निवडत होत्या. बसून!

येताना त्यांनी डबाभर कंद-भाज्यांची उकडहंडी बांधून दिली. रिक्षात गाणं म्हणत आलो.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

काठीनं रांग संपवली. काठी भिंतीला नीट टेकवून ठेवली. हात धुतले. आणि मग बाबा झाडावर चढले! ज्या झाडावर सुपारीचा एक दाणा उरलेला नाही त्या झाडावर!

मंदाआई निवडणं टाकून उठल्या, गुडघ्यावर हात देऊन. जाऊन उभ्या राहिल्या.

शनिवार, २९ नोव्हेंबर

का?

शुक्रवार, ५ डिसेंबर

आज सरळ विचारलं. "बाबा, सुपारी तर काठीनं निघते. मग वर काय आहे?"

"काय नाय." हसले. "झाड बघाया लागते. किडबीड."

खोटं! एवढं तर मलाही कळतं.

मग मंदाआईंना स्वयंपाकघरात गाठून म्हटलं, तुम्ही उभ्याच राहू नका. तुम्ही नसाल तर ते चढणार नाहीत, मिटला प्रश्न. भाकरी थापता थापता त्या थांबल्या. "आनि गेलेच तर? मी आत बसलेली, नि ते गेलेच तर?"

विषय बदलायला म्हणून त्यांच्या नव्या मायक्रोवेव्हकडे वळलो. दिवाळीत जागृतीनं दिलेला, अजून प्लॅस्टिकमध्येच होता. त्यांना भीती — चालू असताना चुकून दार उघडलं तर हात भाजेल. मी उघडून दाखवलं. दार उघडलं की बंद! याला इंटरलॉक म्हणतात, म्हटलं. एक चालू असेल तर दुसरं होऊच शकत नाही. रागवायला नको, समजवायला नको, पाटी लावायला नको. रचनाच तशी. माझ्या मते माणसाला सुचलेल्या सगळ्यात सुंदर गोष्टींपैकी एक!

बाबा ओटीवरून ओरडले, "जावईबापू, भाकरी गार होईल!" मंदाआईंनी मात्र दार चार-पाच वेळा उघडून-लावून बघितलं.

रविवार, ७ डिसेंबर

सुचलं. त्यांना चढायचंच आहे तर चढू देत. पण पडता येणार नाही असं!

कर्नाटकातल्या एका माणसाचा व्हिडिओ सापडला. खोडाला मिठी मारणारं यंत्र, त्यावर बसून माणूस सरसर वर जातो. पेट्रोलवर चालतं, फटफटीचा आवाज. माझं बॅटरीवर चालेल. भंगारात ई-स्कूटरची मोटर मिळेल. पकड अशी करायची की माणसाच्या वजनानंच ती आवळली जाईल. बॅटरी संपो, वायर तुटो, मोटर जळो, बसलेला माणूस जिथं आहे तिथंच राहील.

अडचण एकच. पोफळीचं खोड काही पाइपासारखं नसतं. गाठी, वळ्या, कुठं जाड, कुठं बारीक. चार चाकं लावली तर एक कायम हवेत. याच विचारात ताटावर बसलो होतो, जागृती पोळ्या लाटत होती. पोळपाटाला पाय तीन! ओटा कसाही असो, पोळपाट डगडगत नाही. तीन पाय नेहमी टेकतातच! मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की तिच्या हातून लाटणं पडलं. चाकं तीन लावायची!

"पोळी खा आधी," म्हणाली. पण हसत होती.

बुधवार, १७ डिसेंबर

रामसकलच्या वेल्डिंगच्या दुकानात सगळी संध्याकाळ. सांधे त्यानं सुरेख मारलेत. सीट जागृतीच्या जुन्या स्कूटीची, पाठीला टेकू, कमरेला पट्टा. विजेच्या जुन्या, तारा काढलेल्या खांबावर वाळूची पोती बसवून वर-खाली करून बघितलं. वायर काढली — जागच्या जागी थांबलं! पुन्हा काढली. पुन्हा थांबलं! रामसकल कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "साहब, चीज तो बढ़िया है. पर इसपे बैठेगा कौन?"

मग मी बसलो. मला उंचीची भीती आहे, माळ्यावरचे डबेसुद्धा जागृतीच काढते. दुकानाच्या पत्र्याइतका वर गेलो, डोळे मिटून. काही दिसलं नाही. पण पडलो नाही!

शुक्रवार, २६ डिसेंबर

बाबा बसले नाहीत.

यंत्राभोवती फिरले, चाक फिरवून बघितलं, मोटरचं कौतुक केलं. मग सीटवर हात ठेवून म्हणाले, "खुर्चीत बसून झाडावर? दाढी कराया चाललो काय मी?" मी वजनाची पकड समजावली, तीन चाकं समजावली, पट्टा समजावला. जीव तोडून समजावलं. त्यांनी सगळं ऐकलं. "तुमी हुशार हाव, जावईबापू. पन माजं झाड मला वळकते." आणि पायात फास अडकवून गेले वर.

यंत्र गोठ्यात, गोणपाटाखाली. मला इतका राग आला की जेवलोही नाही धड.

शनिवार, २७ डिसेंबर

जागृती: "तू विचारलंस का त्यांना, बनवण्याआधी?"

नाही विचारलं.

शुक्रवार, २ जानेवारी

बाबा आज वरच्या वर झाड बदलत होते. तरुणपणी सगळे असंच करायचे म्हणतात — शेंडा झुलवायचा, झुलवायचा, शेजारचं झाड हाताशी आलं की धरायचं आणि पलीकडे जायचं, खाली न उतरता. बघायला फार सुंदर. मी व्हिडिओच काढत होतो. पलीकडचं खोड त्यांनी धरलं आणि पाय सुटला. फास निसटून खाली आला. बाबा नुसत्या हातांवर!

ओरडलो ते मी. मंदाआई ओरडल्या नाहीत. खोडाला एक हात लावून खालून शांत आवाजात म्हणाल्या, "पाय उजवीकडं घ्या. आजून. हा, आता टेका." बाबांनी पाय टेकला. हळूहळू घसरत उतरले. छाती सोलवटलेली. "कवा कवा होते असं," म्हणाले आणि विडी शोधायला गेले.

ते आत गेल्यावर मंदाआई तिथंच मातीत बसल्या. खूप वेळ बसल्या. मी पाणी आणून दिलं. वाटलं रडतील. तर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ती खुर्ची किती वजन घेते?"

मी सांगितलं, बाबांसारखी दोन माणसं.

"पकड सुटत नाय म्हनता?"

"काहीही झालं तरी नाही."

"चालवायला काय काय कराया लागते?"

दोनच बटणं, म्हटलं. एक वर, एक खाली. बहुतेक बाबांची समजूत घालणार असतील. मला फारशी आशा नाही. तरी गोठ्यात जाऊन गोणपाट काढलं, त्या म्हणाल्या म्हणून यंत्र जवळच्या पोफळीला बसवलं, दोन्ही बटणं दाबून दाखवली. बॅटरी चार्जिंगला लावून आलो.

जागृतीला व्हिडिओ दाखवला नाही. पुसून टाकला.

मंगळवार, ६ जानेवारी

मंदाआईंचा फोन, मी ड्यूटीवर असताना. बॅटरी पूर्ण भरली की हिरवा दिवा लागतो ना? लागतो, म्हटलं. ठेवून दिला.

शुक्रवार, ९ जानेवारी

उभ्यानं लिहितोय. मंदाआई वर आहेत!

आलो तेव्हा बाबा फास शोधत होते. फास सापडून तो पायात घालायच्या आत या काष्टा घालून, पट्टा लावून, बटण दाबून गेल्यासुद्धा. सरळ शेंड्याला! गुडघ्यांना काही त्रास नाही, त्या बसल्यात. उभे आहेत ते बाबा. मान वर. त्यांना हलता येत नाही, आत जाता येत नाही, दुसऱ्या झाडाला हात लावता येत नाही. रीतच तशी. फास ओटीवर पडलाय.

"मंदे, उतर."

"परत चढनार काय?"

बाबा मानेवर हात चोळतायत. पाय बदलतायत. माझ्याकडे बघतात, मी वर बघतो. मीही बसू शकत नाही.

"मंदे! मान मोडली माजी. उतर!"

"चढनार काय?"

बाबांनी एकदा ओटीवरच्या फासाकडे बघितलं, मग पुन्हा वर.

"नाय चढनार. तुजी शप्पत."

वरून मोटरचा आवाज येईल म्हणून वाट बघतोय. येत नाही. शेंडा हलकेच झुलतोय, आणि वाडीत खाली पान हलत नाही.

"थांबा जरा," वरून आवाज आला. "हितं वारा हाय! आनि तुमी इतकी वर्सं एकटेच खात होता!"