दुरडीतला चतकोर

११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

मेघा ऐकत नाय. चिकलठाण्याच्या नव्या हॉटेलात फ्रेंच जेवण, परवा! "मम्मी, मामाने स्वतः टेबल ठेवलंय." मामा म्हणजे माझा धाकटा भाऊ प्रणय. फ्रान्सला शेफ होता, आता त्याच हॉटेलात आलाय. महिना झाला, घरी पाय ठेवला नाय. कोणत्या तोंडाने ठेवील? दोन वर्षांपूर्वी आई गेली, मातीला आला नाय, पुण्यानुमोदनालाही नाय. रजा मिळाली नाय म्हणे. मी फोनवर सांगितलं, आता येऊच नको. आजही तेच सांगेन.

१२ नोव्हेंबर

जाणार नाय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

गेले. आईची अंजिरी साडी नेसून गेले. त्यालाही दिसू दे.

काटे-चमचे एवढे मांडलेले, जसं काही भांड्यांचं दुकानच. मेन्यूतलं एक अक्षर कळंना. मेघाने कांद्याचं सूप सांगितलं. त्यात पाव बुडवलेला, वरून चीज. शिळी भाकर कालवणात कुस्करावी तसंच की! चव मात्र लई छान होती. खोटं कशाला बोलू.

मग पावाची टोपली आली. वर फडकं झाकलेलं. ते फडकं बघितलं अन् पिशोरचं घर आठवलं. आई रात्री दुरडीत चतकोर भाकर ठेवायचीच. "दुरडी बोडकी ठेवू नाय, पोरी. कोन उशिरा उपाशी आलं तर?" प्रणय कबड्डी खेळून उशिरा यायचा, न बोलता खाऊन झोपायचा. सकाळी दुरडी रिकामी दिसली की आई हसायची. "आला म्हनायचा माझा वाघ." इथं शहरात राहायला आलो तरी तिने ते सोडलं नाय. तो फ्रान्सला गेला तरी ठेवायची. ती गेल्यावर मी बंद केलं. कोणासाठी ठेवायचं?

सवयीने शेवटचा तुकडा मी टोपलीत ठेवला. मेघा उचलायला गेली. वेटर म्हणाला, "थांबा ताई, आधी दुसरा आणतो. टोपली रिकामी दिसली तर शेफ आमच्यावर चिडतात."

पाणी प्यायले.

शेवटी तो बाहेर आला. पांढरी टोपी, कानाजवळ केस पिकलेले. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान! साडीकडं बघत राहिला.

"आक्का, मीठ बरोबर हाय का?"

"कमी हाय."

कमी नव्हतं. निघताना एवढंच म्हणाले, घराची किल्ली अजून मीटरच्या डब्यातच असती. त्याने मान खाली घातली.

रिक्षात मेघा फुगून बसली. "एवढंच बोलायचं होतं तर आलीस कशाला?"

१४ नोव्हेंबर

रात्री भाकरी टाकल्या. मेघाला म्हणाले, एवढा चतकोर राहू दे. तिने माझ्याकडं बघितलं अन् दुरडीवर फडकं झाकलं. शहाणी आहे.

१५ नोव्हेंबर

चतकोर तसाच. कडक झाला होता. चहात बुडवून मीच खाल्ला. मी तरी काय आशा लावून बसते! आईची लई आठवण आली. ती रोज सकाळी असाच चतकोर खायची. किती वर्षं. मला वाटायचं, तिला शिळी भाकर आवडते.

आज परत ठेवलाय.

१८ नोव्हेंबर

रोज मीच खाते.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दुरडी रिकामी. मेघा अजून उठलेली नाय. बाहेरच्या खोलीत कोणीतरी घोरतंय.

चहाचं आधण तीन कपांचं ठेवलं.