आबांची तिथी आणि बगळ्यांचा शेवटचा सामना

या अधिक महिन्याला दुसरं कुठलं वर्ष सापडलं नाही का, मिरान वहिनी? गेल्या वर्षी आला असता, पुढच्या वर्षी आला असता, मी एका शब्दानं बोलले नसते. एरवी आबांची तिथी कशी गुमान येते, बेसबॉलचा हंगाम संपायच्या बराच आधी. तुम्ही नैवेद्य मांडता, दादा दंडवत घालतो, आपण सगळे पोटभर जेवतो, आणि मी गुन्सानला परत येऊन खुशाल मैदानावर जाऊन बसते. यंदा मध्येच एक महिना आगंतुकासारखा घुसला, सगळ्या तिथी पुढे रेटल्या, आणि आपल्या आबांची तिथी जाऊन पडली ती येत्या शनिवारी. शनिवारी, वहिनी! कॅलेंडरवर चांद्र तारखा मुंगीएवढ्या छापतात, म्हणून मी चष्मा लावून बघितलं, चष्मा काढून बघितलं, शेवटी शेजारच्या गाळ्यावरच्या खेकडेवालीचं कॅलेंडर आणून बघितलं. (तेही तेच म्हणतं. वर ती म्हणते, "तुझ्या बापानं जाताना सामन्यांचं वेळापत्रक बघायचं होतं." त्या गाप्सूनच्या जिभेला हाड नाही.)

बरं, आता रीत. थोरल्या वहिनींना धाकट्या नणंदेचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? दादाची साखर काय म्हणते? चुंजूत गारठा पडला का? (हे सगळं मनापासून विचारलंय, पण उत्तरं सावकाश द्या, घाई शनिवारची आहे.) इकडे मी ठणठणीत. आमचे हे पण बरे आहेत, म्हणजे टीव्हीसमोरून उठत नाहीत आणि जेवण वेळेवर मागतात, तेव्हा बरेच असणार. फोन करायचा सोडून पत्र का लिहिते, तर फोनवर तुम्ही "बघू या हं" म्हणता आणि भांडी घासायला निघून जाता. कागदावर मला कोणी मध्येच तोडत नाही. पत्र ज्या खोक्यात आहे त्यात माझ्या गाळ्यावरच्या सुक्या लेपी मासळ्या आहेत, समुद्राच्या वाऱ्यावर वाळवलेल्या. तव्यावर थोडं तेल सोडून परता, दादाला शेपटाकडचे तुकडे द्या, मधले तुम्ही खा.

तर सामन्याचं. दादा घरात रोज बोंबलत असेलच, पण तो उलट्या बाजूनं बोंबलतो, म्हणून खरं काय ते मी सांगते. दहा संघ. त्यातले पाच शरदातले सामने खेळतात, उरलेले पाच घरी बसून पर्सिमनची फळं सोलतात. आपले गुन्सानचे बगळे कित्येक वर्षं पर्सिमनच सोलत आलेत. शेवटचे शरदात खेळले तेव्हा आबा होते. पहिल्या बेसच्या बाजूला, आपल्या लोकांत बसायचे, खिशात सुकं माकुल, आणि आपला चेंडू टाकणारा पिचर फसला की ते माकुल दातात धरून असं ताणायचे जणू त्याचाच कान. मग आबा गेले आणि बगळे झोपले. यंदाही पावसाळाभर तळाला बसून होते. पाऊस थांबला आणि काय अंगात आलं कोण जाणे, उठले ते जिंकतच सुटले. आता एकच सामना उरलाय आणि पाचव्या जागेवर दोघं खांद्याला खांदा लावून उभे आहेत, एक आपले बगळे आणि दुसरी (हसू नका) तुमच्या चुंजूची ऊदमांजरं. दोघांची गाठ शनिवारी संध्याकाळी, इथे, आमच्या मैदानावर. जो जिंकेल तो शरदात, हरेल तो पर्सिमनला.

तुम्ही म्हणाल, मग चुंजूलाच ये, नैवेद्य मांड आणि टीव्हीवर बघ. तिथेच गोम आहे. मी बघितलं की बगळे हरतात. हा शोध आमच्या ह्यांचा. एका दुपारी आपण मागे होतो, हे एकदम म्हणाले, "तू जरा बाहेर जाऊन ये." म्हटलं, कशाला? "जा तर खरं." मी माशाचं घमेलं उचलून अंगणात गेले, आणि आत होम रन. हात पुसत परत आले, आपला गडी बाद. पुन्हा बाहेर, पुन्हा धाव. असली गोष्ट नवऱ्यानं घरात ठेवावी की नाही? ह्यांनी ती बाजारात नेली. आमच्या बाजारात बर्फवाल्याच्या गाळ्यावर टीव्ही टांगलाय, गिऱ्हाईक नसलं की सगळ्या तिथे जमतात. मी नुसती टेकले की गाप्सून सुरू.

"पिल्सुक, ऊठ!"

"का गं? टीव्ही काय तुझ्या बापाचा आहे?"

"टीव्ही बर्फवाल्याचा. बगळे सगळ्यांचे. ऊठ म्हणते ना, पांढऱ्या पायाची कुठली!"

आणि सगळ्या बाया मान डोलवायच्या. ज्यांना मी बाळंतपणात समुद्रशेवाळाचं सार नेऊन दिलं त्याही डोलवायच्या. शेवटी मला बर्फाच्या खोलीत पाठवायला लागले. आत हिवाळा, बाहेर आरडाओरडा. ऐकून ऐकून मला सामना कळायला लागला होता. सगळ्या मिळून ओरडल्या की आपली धाव. सगळ्या गप्प झाल्या की त्यांची. एकटा पुरुष ओरडला की ते आमचे हे, आणि त्यांना भूक लागलीय. बगळे जिंकत होते, मी शिंकत होते.

पण वहिनी, मला लिहिणं-वाचणं बेताचं असलं तरी डोकं जागेवर आहे. मी बर्फावर बसून विचार केला, माझा पाय पांढरा असेल तर तो दुसऱ्याच्या अंगणात का टाकू नये? सोक्चोचा संघ आला होता. तोंडाला मास्क लावला, ह्यांची टोपी घातली, घरात सांगितलं दात दाखवायला निघालेय, आणि सरळ मैदानावर जाऊन तिसऱ्या बेसच्या बाजूला, पाहुण्यांच्या गर्दीत बसले. तिथे नुसतं बसून चालत नाही हे माझ्या लक्षात नव्हतं. त्यांच्या प्रत्येक खेळाडूचं गाणं, प्रत्येक गाण्याचे हातवारे, आणि आपण गप्प बसलो की शेजारचे विचारतात, "मावशी, बरं नाही का वाटत?" मग मीही हात हलवले. त्यांनी एक लाल पंचा दिला, तो फिरवला. कोंबडी दिली, ती खाल्ली. (शत्रूची कोंबडी आपल्यापेक्षा कुरकुरीत असते, हे कबूल करायला हवं.) गाणी सोपी होती, मला लगेच आली. चौथ्या डावात मी खुर्चीवर चढून पंचा फिरवत होते तेव्हा आजूबाजूचे एकदम माझ्याकडे बोट दाखवून हसायला लागले. वर बघते तर मैदानातल्या मोठ्या पडद्यावर मी! टोपी पडलेली, मास्क हनुवटीला, तोंडात तंगडी. आणि जे मोठ्या पडद्यावर ते बर्फवाल्याच्या टीव्हीवर.

बगळे जिंकले, ते सांगायचं राहिलं. पण दुसऱ्या दिवशी बाजारात कोणी माझ्याशी बोलेना. मी गाळा उघडला, लेपी मांडल्या, गाप्सूनला म्हटलं सुरी दे, तर तिनं सुरी देताना तोंड फिरवलं.

"पांढऱ्या पायाची होतीस ते परवडलं," म्हणाली, "आता फितूर झालीस."

"अगं बाई, मी तिकडे बसले म्हणून तर ते हरले!"

तिचा खेकडा हातातच राहिला. मग तिनं बर्फवाल्याला हाक मारली, बर्फवाल्यानं कालवंवालीला, आणि गिऱ्हाइकांना उभं ठेवून पंचायत बसली. बराच खल झाला. एकीचं म्हणणं, हा योगायोग. दुसरीचं, ज्या बाईनं इतके सामने घालवले तिच्या अंगात काहीतरी आहे हे नक्की, मग ते वाया का घालवा? शेवटी ठरलं की ही शक्ती देवानं गुन्सानलाच दिली आहे, फक्त आजवर आपण तिचं तोंड चुकीच्या दिशेला ठेवलं. तेव्हापासून मी कामाला लागले. आळीपाळीनं माझा गाळा त्या सांभाळतात आणि मी बगळ्यांच्या मागे गावोगाव जाते, दर वेळी दुसऱ्यांच्या गर्दीत बसायला. वहिनी, खरं सांगू का? लग्नापासून एवढी फिरले नव्हते. डोंगर बघितले, बोगदे बघितले, बसमध्ये शेजारणींशी भांडले, लाल तिखटातल्या भाताच्या वड्या खाल्ल्या, वेगवेगळ्या गावांचे पंचे जमवले (स्वयंपाकघरात फार उपयोगी पडतात). एकदाच चुकले. आपला ग्वाक, तो पोट सुटलेला पिचर, शेवटच्या डावात आला आणि त्यानं शेवटचा गडी असा काही बाद केला की माझ्या तोंडून किंकाळीच गेली. भोवती सगळे माना खाली घालून बसलेले. शेजारचे आजोबा वळून म्हणाले, "बाई, तुम्ही ओरडलात?" म्हटलं, "ओरडले नाही, रडले." त्यांनी मला रुमाल दिला आणि स्वतःही रडले. चांगला माणूस होता. त्याचा संघ बाद झाला म्हणून वाईट वाटलं, पण थोडंच.

आता मुद्द्यावर येते. शनिवारी अख्ख्या बाजाराचं माझ्याशिवाय पान हलत नाही. आणि त्याच संध्याकाळी तुम्ही चुंजूत आबांसाठी पंगत मांडणार. मला एक सांगा, वहिनी, ज्यांच्यासाठी मांडणार ते येणार आहेत का? आबांना तुम्ही ओळखत होता. गुन्सानात बगळ्यांचा असा सामना, आणि आबा तो सोडून चुंजूला, तेही ऊदमांजरांच्या गावात, तुमच्या दारातून आत येऊन भजी खात बसतील? तुम्ही दार उघडं ठेवून वाट बघाल, दादा दारूचा पेला उदबत्तीवरून फिरवेल, सूप गार होईल आणि आबा इथे पहिल्या बेसला बसलेले असतील. दोन दिवस उभं राहून रांधलेलं सगळं फुकट. त्यात सोमवारी पौर्णिमेचा सण, म्हणजे लगेच पुन्हा चुलीपाशी. तुमच्या गुडघ्याचा मला कळवळा आहे म्हणून म्हणते, सणाआधी कबरीवरचं गवत कापायला दादा गुन्सानला येतोच ना? मग तो शनिवारी सकाळी येऊ दे, तुम्हीही या. गवत कापू, तिथेच टेकडीवर चटई टाकू, फळं, मासा, दारू मांडू, दंडवत घालू, झाली तिथी. मासा मी आणते, मुंडकं पूर्वेला ठेवायचं मला कळतं. तुम्ही फक्त पेअर आणा, आणि पीच आणू नका, त्या फळानं पितरं पळतात, आणि आधीच लोक मला अवलक्षणी म्हणतात. थोरल्या मुलाच्या घरीच करावं हे मलाही ठाऊक आहे. पण थोरला मुलगा तिथेच उभा असेल, आबा तिथेच निजलेत, मग घराचं एवढं काय? दादा कुरकुरेल. त्याला म्हणावं, गाडी तर तुलाच चालवायचीय, येताना कुरकुर.

दादाला आशीर्वाद मागितलाय म्हणून सांगा. काळजी घ्या. थंड पाण्यात हात घालू नका.

तुमची नणंद,
पिल्सुक

ता. क. पाहुण्यांच्या बाजूची सगळी तिकिटं ऊदमांजरांच्या मंडळाकडे गेलीत. इथे खिडकीवर विचारलं तर तो पोरगा म्हणतो, मावशी, चुंजूत कोणी ओळखीचं असेल तर बघा. दादा त्या मंडळात आहे. एक जागा हवी, मधली, जिथून सगळ्यांना सारखी बाधा होईल.

ता. क. दुसरा. एक नाही, दोन. दुसरी तुमच्यासाठी. महिनाभर वेगवेगळे पंचे फिरवताना मी टीव्हीवर इतकी दिसलेय की तिकडचे लोक मला ओळखायला लागलेत. शेजारी चुंजूची खरीखुरी सून बसलेली असली तर कोणाला संशय येणार नाही. आणि तुम्ही इतकी वर्षं दादाच्या आरडाओरड्यात भजी तळताय, एकदा तळलेलं दुसऱ्याच्या हातचं खाऊन बघा. कोंबडी माझ्याकडून.

ता. क. तिसरा. हे पत्र दादाला दाखवू नका. पिल्सुक सुधारली, आता ऊदमांजरांची झाली, एवढंच सांगा. त्याला आनंदानं रडू येईल, तेवढ्यात तिकिटं मागून घ्या. सामना संपल्यावर खरं काय ते मीच त्याला सांगेन, मैदानातून पाय काढता काढता. आबांची परवानगी परवाच टेकडीवर जाऊन घेतली. ते नाही म्हणाले नाहीत.

ता. क. चौथा. बाजाराला मी तुमच्या वतीनं "हो" सांगून टाकलंय. तेव्हा बुधवार संध्याकाळपर्यंत तुमचं उत्तर आलंच पाहिजे, गुरुवारी बाया शनिवारसाठी माझ्या गाळ्याच्या पाळ्या वाटून घेतात. "बघू या हं" असं लिहिलंत तर खोक्यातल्या लेपी परत पाठवा.