वहिनींच्या वतीने

राजाजीनगर, बेंगळुरू
गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५

चि. सुमंत,

काकाचे आशीर्वाद. तू आणि सूनबाई आर्या सुखरूप असाल. पुण्यात थंडी ओसरली असेल. इथे दुपारचा आत्ताच पंखा लागतो. तू माझा फोन उचलत नाहीस हे सात वर्षांत अंगवळणी पडलं आहे, म्हणून कुरियरने पत्र. पाकीट न उघडता फेकण्याइतका तू माझ्या दादावर गेलेला नाहीस, एवढा भरवसा आहे.

बातमी आनंदाची आहे, पण आधी गल्लीची ऐक. आपला रस्ता नव्याने करणार आहेत. रुंद फुटपाथ, झाडं, बसायला बाक. त्यासाठी एका संस्थेची माणसं दोन महिने दुकानदारांच्या आणि गल्लीतल्या जाणत्यांच्या बैठका घेताहेत, गणपतीच्या देवळामागच्या हॉलमध्ये. अनुषा म्हणून एक मुलगी सगळं चालवते. भिंतीवर हा एवढा नकाशा, आणि प्रत्येकाने आपलं म्हणणं मांडायचं. आता म्हणणं म्हणजे काय, तर पाइपवाले भंवरलालजी हिंदीत ओरडणार, बेकरीवाले श्रीवत्स अय्यंगार कन्नडमध्ये टोमणे मारणार, इस्त्रीवाला सेल्वम तमिळमध्ये गाऱ्हाणं लावणार. सगळ्यांची भाषा येणारा गल्लीत एकच. तेव्हा दुभाषा कोण? तुझा काका.

माझी पद्धत तुला ठाऊक आहे. शिवलेला शर्ट मी इस्त्री केल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही, बोलणंही तसंच. श्रीवत्स मला म्हणाले, "ह्या शेटजींना विचारा नागोजीराव, फुटपाथ ह्यांना हुंड्यात मिळाला का? पाइप पसरून ठेवलेत ते!" मी भंवरलालजींना सांगितलं, "अय्यंगार म्हणतात, पाइप जरा आत घेतलेत तर उपकार होतील." ते म्हणाले, "उनसे कहो, पहले अपनी भट्टी का धुआँ अंदर लें." मी श्रीवत्सना सांगितलं, "सरी, ठीक आहे म्हणतात." दोघेही खूश! अशा सहा बैठका झाल्या, एकदाही कोणी कोणाच्या अंगावर गेलं नाही. व्यापारी संघाचं अध्यक्षपद माझ्याकडे येणार अशी बोलणी आहेत. मी नको म्हणतो, जेवढं म्हणायला हवं तेवढं.

आता तुझी बातमी. तुझी आई पुण्याला यायला तयार आहे. किती वर्षं मागे लागला होतास! परवाच्या बैठकीत सगळ्यांसमोर जाहीरच झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, श्रीवत्सनी तिच्या हातात हनी केकचा तुकडा ठेवला. माझ्या दुकानाच्या पायरीवरचं तिचं शिलाई मशीन हलेल, तिथे बाक येईल. तुझ्या मनासारखं झालं ना?

तिची तब्येत बरी आहे. स्वल्प कमी बोलते, एवढंच. नवीन कपडे शिवायला घेत नाही. फॉल-पिकोची राहिलेली कामं संपवत बसते. तारीख कळव. फार लांबवू नकोस.

तुझा,
नागोजीकाका


राजाजीनगर
सोमवार, १७ फेब्रुवारी

चि. सुमंत,

तुझा मेसेज परवा आला. सात वर्षांनी. "काका, थँक्यू. एकवीस तारखेचं तिकीट काढलंय, आईला न्यायला येतो. खिडकीपाशी तिच्या मशीनची जागा केली आहे."

मी तो वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. मग दुकान सोडून नवरंग टॉकीजच्या चौकापर्यंत चालत गेलो. परत आलो. पुन्हा गेलो. काउंटरवरची सौम्या विचारते, "सार, काही हरवलं का?" तिला काय सांगू?

तिकीट रद्द कर असं मी म्हणत नाही. पण आधी हे वाच.

आपल्या घरची रीत तुला आठवत असेल. त्या रीतीवर तू चिडायचास. चार लोकांच्या बैठकीत घरची सून स्वतःच्या तोंडाने बोलत नाही. दिराला सांगते, दीर बोलतो, आणि दीर बोलला तो घराचा शब्द. दादा गेल्यापासून तिचं पाण्याचं, विजेच्या मीटरचं, सगळं मीच मांडत आलो. टाळ्या पडल्या त्या बैठकीत ती हॉलमध्ये मागे भिंतीपाशी बसली होती. नकाशा बघून उठली, माझ्याजवळ आली आणि मराठीत म्हणाली, "भावजी, सांगा त्यांना. झाडं लावा, बाक टाका, पण माझ्या मशीनला चार फूट ठेवा. मी तिथनं उठायची नाही."

"काय म्हणतात त्या?" अनुषाने विचारलं.

मी कन्नडमध्ये म्हणालो, "आमच्या वहिनींचं काही म्हणणं नाही. प्लॅन चांगला आहे. त्या आता मुलाकडे पुण्याला जाणार आहेत."

का म्हणालो? दुकानाला पुढून काच लावायची आहे, पायरी मोकळी हवी आहे, हे खरं. पण तेवढंच असतं तर मी तिच्याशी घासाघीस केली असती. तेवढी मला येते. दुसरं कारण तू. सात वर्षांपूर्वी दुकानात एसी लावला त्या दिवशी तू गिऱ्हाइकांसमोर म्हणालास, "तुम्ही आत गारव्यात, आणि तुमचे पहिले शर्ट जिने शिवले ती उन्हात." मी ओरडलो, तीच आत यायला तयार नाही म्हणून. ते खोटं नव्हतं. पण मी तिला एकदाच बोलावलं होतं, तेही दारातून, गिऱ्हाइकाचं माप घेता घेता. मी शून्यातून वर आलो असं सगळीकडे सांगतो ना, त्या शून्यात तीही होती. तुझं ते वाक्य गेलं नाही रे. रोज शटर वर करताना ते पायरीवर बसलेलं असतं. वाटलं, मशीन हललं की तेही हलेल.

आता याहून वाईट ऐक. तिला कन्नड माझ्याइतकंच येतं. दिवसभर बायकांशी ती तेच बोलते. मी काय म्हणालो ते तिने शब्दन् शब्द ऐकलं. मला वाटलं, तिथेच मला खोटं पाडेल. तिने पदर सारखा केला आणि केक घेतला. संध्याकाळी मशीनवर कापड झाकताना एवढंच विचारलं, "भावजी, तारीख कधीची ठरवलीत? सुमंतला कळवलंत का?"

टोमणा असता तर मी ओळखला असता, माझे कान तसे आहेत. टोमणा नव्हता. घराचा शब्द लोकांत गेला होता आणि ती तो खरा करायला निघाली होती. आणि दोन दिवसांनी मी तुला ते आनंदाचं पत्र लिहिलं.

काल, रविवारी, शेवटची बैठक होती. नकाशावर सह्या व्हायच्या होत्या. मी उभा राहिलो, त्या दिवशी मी खोटं सांगितलं असं म्हणालो, आणि तिचं वाक्य जसंच्या तसं कन्नडमध्ये सांगितलं, मग हिंदीत, मग तमिळमध्ये. आणि मग भंवरलालजी, "नागोजीभाई, मेरे नाम से और क्या-क्या बोले हो?" श्रीवत्स उठले, "मी 'उपकार होतील' म्हणालो? मी?" सेल्वम तर खुर्चीवरच चढला. पुढचा अर्धा तास जो तो आपलं मूळ बोलणं दुसऱ्याच्या भाषेत मोडकंतोडकं ऐकवत होता. भंवरलालजींचं कन्नड ऐकून अनुषाने तोंडावर फाइल धरली. अध्यक्षपदाचं नाव कोणी काढलं नाही.

त्या गलक्यात तुझी आई उठली. माझ्यावरून पुढे गेली, नकाशापाशी उभी राहिली आणि कन्नडमध्ये बोलली. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. "नागोजीराव माझे दीर. माणूस वाईट नाही. पण आजपासून माझं मी बोलेन." मग बोट ठेवलं, "इथे चार फूट. आणि झाड त्या अंगाला लावा, दुपारचं ऊन तिकडनं येतं."

अनुषाने पेन्सिलने चौकोन काढला. म्हणाली, वर विचारावं लागेल, वचन देत नाही.

"सरी. मी विचारत राहीन."

श्रीवत्सनी विचारलं, "आणि पुण्याचं काय, अक्का?"

"ते मी आणि माझा मुलगा बघू."

तेव्हापासून ती माझ्याशी एकच वाक्य बोलली आहे. आज सकाळी मी पायरीवर गेलो. वहिनी, आत या, असं नीट, समोर उभं राहून म्हणायचं होतं. ती कुणाचा तरी ब्लाउज उसवत होती. वर न बघता म्हणाली, "उजेड अडतोय, भावजी." मी बाजूला झालो. थोड्या वेळाने एक बाई साडी घेऊन आली. तुझ्या आईने ती ठेवून घेतली की परत केली, ते मी मुद्दाम पाहिलं नाही.

तिकीट आहे, तर ये. मला भेटायचं की नाही ते तू ठरव. खिडकीपाशी केलेल्या जागेबद्दल तिलाच विचार, आणि ती काय म्हणेल ते ऐकून घे. मला अंदाज आहे, पण तो मी लिहिणार नाही.

परवा तू मला काका म्हणालास. ते खोट्या बातमीवर मिळालेलं आहे, म्हणून या खेपेला सहीत 'काका' लिहीत नाही.

नागोजी